चाळीस वर्षांची शिडाची बोट घ्यायची आहे, बघायला जाताना काय काय तपासू? (कॅटालिना ३०, १९८४)

वाऱ्यावरची_वरात (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी मेरीलँडमध्ये राहतो, ॲनापोलिसपासून अर्ध्या तासावर. चेसापीक उपसागरात क्लबच्या बोटी चालवतो, एएसएचे (अमेरिकन सेलिंग असोसिएशन) १०१ आणि १०३ हे कोर्स झालेत. आता स्वतःची बोट घ्यायचा किडा वळवळतोय. बायकोच्या अटी दोनच: आत ताठ उभं राहता आलं पाहिजे आणि संडासाला नीट लागणारं दार पाहिजे.

एक १९८४ ची कॅटालिना ३० हेरून ठेवली आहे. मागताहेत ११,००० डॉलर. सध्याचे मालक दुसरे, सत्तरी ओलांडलेले, गुडघे साथ देत नाहीत म्हणून विकतायत. फोटोत आतलं लाकूड चकचकीत, गाद्या नव्याकोऱ्या. डिझेल इंजिन "कधी त्रास दिला नाही" असं म्हणतात.

सर्व्हेअर (पैसे घेऊन बोट तपासून देणारा जाणकार) लावणारच आहे. पण त्याचे सात-आठशे डॉलर आणि क्रेनचे वेगळे पैसे मोजण्याआधी आपल्या आपण दोन-तीन तासांत काय बघता येईल? मला बोट चालवता येते, पारखता येत नाही. इथे कोणी घेतलीय का?

टवाळ_टिल्लू

११ हजार डॉलरमध्ये आमच्या कोथरूडात गाडी लावायला जागा मिळत नाही, तुम्हाला संडासासकट बोट मिळतेय. घ्या डोळे झाकून.

खारावारा

टिल्लू, नको रे. डोळे झाकून घेतलेल्या फुकटच्या बोटीसुद्धा लोकांना महाग पडल्यात.

वरात, आधी एक डोक्यात पक्कं कर. या वयाच्या बोटीत इंजिन, शिडं, तारा, बॅटऱ्या, पंप हे सगळं विकत मिळतं. कॅटलॉग उघडायचा, पैसे भरायचे, बसवायचं. विकत मिळत नाही ती कोरडी बोट. म्हणून तुझा पहिला प्रश्न "काय बिघडलंय" हा नको. पाणी कुठून शिरलंय आणि किती वर्षं मुरतंय, हे शोध. बाकीची यादी त्याच्या मागून.

बहुतेक फायबरग्लास बोटींचा डेक म्हणजे वर-खाली फायबरग्लासचे पातळ थर आणि मधे बाल्सा लाकूड किंवा प्लायवुड. त्याला कोअर म्हणतात. त्यामुळे डेक हलका राहतो आणि पायाखाली दबत नाही. पण रेलिंगचे खांब, विंचेस, शिडाच्या दोऱ्यांचे ट्रॅक, क्लीट, हॅच अशी प्रत्येक वस्तू बोल्टने बसवलेली असते आणि प्रत्येक बोल्टचं भोक त्या लाकडातून जातं. भोकाभोवतीचं सीलंट पंधरा-वीस वर्षांत वाळतं. कोणी खांबाला धरून बोटीवर चढलं की खांब केसभर हलतो, सीलंट सुटतं, आणि तिथून पावसाचं पाणी थेंबाथेंबाने आत जात राहतं. तुमच्याकडे हिवाळ्यात ते गोठतं, फुगतं आणि फायबरचा थर लाकडापासून उचलतं. दहा वर्षं असं चाललं की मधलं लाकूड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं होतं, आणि वरचा पांढरा रंग तरी झकास दिसतो!

तपासायला प्लास्टिकच्या डोक्याची छोटी हातोडी ने. नसेल तर जाड स्क्रूड्रायव्हरची मूठ. डेकवर ओळीने ठोकत जा, दर दोन-तीन इंचांवर. चांगल्या जागी कडक "टक्" येतं, कुजलेल्या जागी "थप्प". पहिली दहा मिनिटं काही कळणार नाही, मग कान आपोआप लागतो. खांबांच्या बुडाशी, डोलकाठीच्या पायाशी आणि चेनप्लेट (डोलकाठीच्या तारा जिथे बांधतात त्या धातूच्या पट्ट्या) डेकमधून खाली जातात तिथे जास्त वेळ घालव. अनवाणी चालून बघ, पायाला लगेच समजतं. मग आत जाऊन त्याच बोल्टांच्या नटांखाली तपकिरी ओघळ आहेत का ते बॅटरी घेऊन बघ. नव्या गाद्या बघून मी तर आधी त्या उचलून खालचं प्लायवुड चाचपलं असतं.

थप्प आवाजाच्या जागेवर खडूने गोल काढ आणि फोटो घे. (मालकाला विचारून. म्हाताऱ्या माणसाच्या बोटीवर न विचारता खडू फिरवू नये.) ताटाएवढा एखादा डाग असेल तर हरकत नाही: वरचा थर कापायचा, कुजलेलं खरवडायचं, नवं कोअर आणि इपॉक्सी भरायचं. हातात कसब असलेल्याला एवढं घरी जमतं. अर्धा डेक थप्प वाजत असेल तर हात जोड आणि घरी ये. यार्डात मजुरी तासाला शंभर डॉलरच्या वर आहे आणि या कामाला तास नाही, आठवडे लागतात.

डिझेलभाऊ

खारावारांनी डेकचं बरोबर सांगितलंय. मी मर्चंट नेव्हीत इंजिन रूममध्ये आयुष्य काढलं, तेव्हा माझी नजर खालीच जाते.

वरात, मालकाला आदल्या दिवशी सांगून ठेव की मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका. गेल्यावर सगळ्यात आधी इंजिनावर हात ठेव. कोमट लागलं तर समज की थंड इंजिन चालू करायला काहीतरी नखरे आहेत.

त्या काळच्या कॅटालिनांत बहुधा युनिव्हर्सलचं डिझेल असतं. त्यांचे बरेच ब्लॉक मुळात कुबोटाचे, म्हणजे ट्रॅक्टरवाल्या कंपनीचे. सुटे भाग मिळतात, इंजिन दणकट. त्याआधीच्या बऱ्याच बोटींत ॲटॉमिक ४ हे पेट्रोल इंजिन आहे. तेही वाईट नाही, पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचते, म्हणून चालू करण्याआधी वाफ बाहेर काढणारा ब्लोअर लावायलाच हवा. तुझं डिझेल आहे, ती काळजी मिटली.

डिपस्टिक काढ. तेल काळं असणारच, दुधाळ असेल तर त्यात पाणी गेलंय. इंजिन चालू झालं की धावत मागे जा आणि एक्झॉस्टमधून धुरासोबत पाणी फेकलं जातंय का बघ. काळा धूर म्हणजे हवा कमी पडतेय, बोजा जास्त आहे, किंवा पंख्यावर शिंपले चढलेत. निळा म्हणजे तेल जळतंय. थंड इंजिनाचा पांढरा धूर दोन-चार मिनिटांत जायला हवा, तो तसाच रेंगाळला तर कॉम्प्रेशन किंवा इंजेक्टरकडे शंकेने बघ. धक्क्याला बांधून नुसतं गुरगुरवण्यात अर्थ नाही. पाण्यात नेऊन पूर्ण थ्रॉटल दे, पुस्तकात लिहिलेले आरपीएम गाठतं का आणि तापमान चढत जातं का ते बघ. समुद्राचं पाणी एक्झॉस्टमध्ये मिसळतं तो एल्बो आतून कार्बनने बुजतो, तो शेवटचा कधी बदलला ते विचार.

आणखी एक. जुन्या युनिव्हर्सल इंजिनांच्या वायरिंगमध्ये अनेक पिनांचे प्लग होते आणि ॲमीटरसाठी अल्टरनेटरचा सगळा करंट कॉकपिटच्या पॅनेलपर्यंत जाऊन परत येत असे. चाळीस वर्षांत त्या पिना गंजतात, तापतात, वितळतात. प्लग काढून तिथे सरळ जोड दिलेत का आणि ॲमीटरच्या जागी व्होल्टमीटर आलाय का ते बघ. आला असेल तर आधीचा कोणीतरी मालक शहाणा होता. किनाऱ्याची वीज जोडायचं ३० अँपियरचं सॉकेटही उघडून बघ, पिनांभोवती तपकिरी जळका डाग दिसला तर ते बदलायचंच.

इंजिनाचे तास दाखवणाऱ्या मीटरवर फार जाऊ नकोस. वापरून झिजलेल्या डिझेलपेक्षा नुसती उभी राहून गंजलेली जास्त बघितली मी.

हर्णैचा_बाळ्या

आमची मासेमारीची बोट आहे, शीड नाही, पण फायबरच. आमच्याकडे जुनी बोट घेणारा माणूस पावसाळ्यातच बघायला येतो. १ जून ते ३१ जुलै बंदी असते, बोटी वर ओढलेल्या असतात, तेव्हा पोट उघडं दिसतं. पाण्यात उभ्या बोटीचा सौदा कोणी करत नाही. आणि मालकाला कोणी विचारत नाही, तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याला, विचारतात. बोट कुठे खडकावर बसली होती ते मालक विसरतो, तांडेल नाही विसरत.

तुमच्याकडे तांडेल नसेल, पण यार्डात क्रेन चालवणारा, रंग मारणारा कोणीतरी असेलच ना? त्याला चहा पाजा.

खारावारा

बाळ्या, लाख बोललास. मरिनाच्या यार्डातल्या माणसाला बोटीचं नाव सांग आणि गप्प उभा राहा. "अच्छा, ती होय..." हे तो कुठल्या सुरात म्हणतो त्यातच अर्धा सर्व्हे होतो.

अनुजा_साउथहॅम्प्टन

कॅटालिना आमच्या बाजूला फार दिसत नाहीत, पण कीलचं (बोटीच्या पोटाखालचं जड पातं) सगळीकडे सारखंच. ३० ची शिशाची कील साधारण ४,२०० पौंडांची. ती हलच्या, म्हणजे बोटीच्या कवचाच्या, खालच्या बुंध्याला बोल्टने घट्ट केलेली असते. जुन्या ३० मध्ये त्या बुंध्यात प्लायवुडही भरलेलं असे. कील आणि हलच्या सांध्याला पुढच्या बाजूने आडवी चीर दिसली की तिकडचे लोक तिला "कॅटालिना स्माइल" म्हणतात. कोरडी, केसासारखी बारीक चीर असेल तर घाबरू नका, घासून, भरून, बोल्ट पुन्हा ठरलेल्या टॉर्कला आवळून ती जाते. पण बोट पाण्याबाहेर काढल्यावर तासाभरानेही त्या चिरेतून गंजाळलेलं पाणी पाझरत असेल तर बोल्टांपर्यंत पाणी पोचलंय. बोट क्रेनच्या पट्ट्यांत लटकलेली असताना चीर बघा, मग कील जमिनीवर टेकल्यावर पुन्हा बघा. उघडझाप होत असेल तर विचार करा. आत बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या अगदी तळाशी, बोल्टांचे नट आणि वॉशर पण बघा.

दुसरी गोष्ट. या बोटीची डोलकाठी डेकवर उभी असते, तिचा सगळा भार केबिनमधल्या लाकडी खांबातून खाली बिल्जमध्ये उतरतो. त्या खांबाखालचं लाकूड वर्षानुवर्षं बिल्जच्या पाण्यात राहून कुजलं की खांब खचतो, डेक खाली बसतो, तारा सैल पडतात. नुसत्या डोळ्यांनी हे पटकन दिसत नाही. त्यासाठी सगळ्यात सोपी खूण म्हणजे संडासाचं दार. ते खांबाशेजारीच आहे. वरच्या चौकटीला घासत असेल, अडत असेल, तर डेक खाली आलाय. बायकोची अट तुमच्या कामाची आहे, दार लावून बघाच!

वाऱ्यावरची_वरात

बापरे, एवढं सगळं! थँक्यू. ऑस्मोसिसचं कोणीच बोललं नाही. तळाला फोड येतात म्हणे. यूट्यूबवर बघून मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटत होती.

खारावारा

यूट्यूबवर फोड छान दिसतात, म्हणून. जेलकोट, म्हणजे फायबरवरचा चकचकीत थर, पूर्णपणे जलरोधक नसतो. पाणी हळूहळू आत जातं, रेझिनमधल्या काही रसायनांशी मिळून आंबूस द्रव तयार होतो, तो आणखी पाणी ओढतो आणि फोड फुगतो. फोडलास तर व्हिनेगरचा वास येतो. पण फोडांमुळे बुडालेली बोट शोधून सापडायची नाही. नाण्याएवढे दहा-वीस असतील तर एकेक खरवडून इपॉक्सीने भरायचे आणि किंमत पाडून मागायची. अख्खा तळ पुरळ आल्यासारखा असेल तर गोष्ट वेगळी.

ओलावा मोजायच्या मीटरचं पण तेच. पाण्यातून नुकत्याच काढलेल्या बोटीवर, तांबंवाल्या रंगावर, आत पाण्याची टाकी असेल तिथे ते आकडे उगाच चढे दाखवतं. एका आकड्याने काही ठरत नाही. याच बोटीच्या दोन जागांमधला फरक काही सांगतो.

रडर (सुकाणूचं पातं) मात्र नीट बघ. स्टीलचा दांडा, भोवती फोम, वरून फायबरची दोन कवचं. दांडा आत शिरतो त्या सांध्यातून पाणी जातं, आतला सांगाडा गंजतो आणि बाहेरून काहीच कळत नाही. बोट वर काढल्यावर दुसऱ्या दिवशीही रडरच्या खालच्या कडेतून थेंब पडत असतील तर आत तळं आहे.

अनुजा_साउथहॅम्प्टन

तारांचं राहिलं. मास्ट (डोलकाठी) धरून ठेवणाऱ्या स्टेनलेस तारांचं वय विचारा आणि पावती मागा. "बहुतेक २०१० च्या आसपास" हे उत्तर नाही. इकडच्या बऱ्याच विमा कंपन्या दहा वर्षांनंतर तारा बदलल्यात का ते विचारतात. तारेवरून हाताने नाही, कापसाच्या बोळ्याने पुसत जा, तुटलेली एखादी तार असेल तिथे कापूस अडकतो. टोकाच्या दाबून बसवलेल्या नळ्यांवर उभी बारीक चीर शोधा, भिंग न्या.

चेनप्लेट त्याहून महत्त्वाच्या. स्टेनलेसला चकचकीत राहायला हवेतला ऑक्सिजन लागतो. डेकमध्ये, ओल्या लाकडात दाबला गेलेला भाग आतल्या आत कुरतडला जातो. वर आणि खाली छान चमकते आणि मधली दोन इंचं, जी कोणालाच दिसत नाहीत, तिथेच ती तुटते. ओघळ दिसले तर निदान एक चेनप्लेट बाहेर काढून बघू द्या म्हणून विचारा. नाही म्हणाले तर सगळ्या बदलण्याचा खर्च ऑफरमधून वजा करा.

शिडं उन्हाकडे धरून बघायची, शिवण नखाने ओढायची. धागा तटकन तुटला तर कापड कितीही पांढरं असलं तरी ऊन खाल्लेलं आहे.

भाऊचा_धक्का

मुंबईहून विचारतो. एवढी जुनी बोट समुद्रात न्यायची हिंमत करावी का मुळात? प्लास्टिकला काही आयुष्य असेल ना.

डिझेलभाऊ

भाऊ, आपल्या अभिलाष टॉमींना विचारा! २०२२ च्या गोल्डन ग्लोब रेसमध्ये, म्हणजे शिडाच्या बोटीने जगाला फेरी मारायच्या शर्यतीत, ते रस्टलर ३६ ही बोट घेऊन गेले. ४ सप्टेंबरला फ्रान्सच्या ले साब्ल-दोलोनहून निघाले आणि २९ एप्रिल २०२३ ला दुसरे आले, एकट्याने, कुठेही न थांबता. त्या शर्यतीचा नियमच आहे की बोटीचं डिझाइन १९८८ च्या आधीचं हवं. २०१८ ला जिंकलेली बोटही रस्टलर ३६ च होती.

खारावारा

डिझेलभाऊ, उदाहरण भारी आहे पण त्यातून उलटा धडा निघू नये. ती माणसं बोटीचं कवच ठेवतात आणि डोलकाठी, तारा, हॅच, सुकाणू असं जवळजवळ सगळं नव्याने करून घेतात. कवच टिकतं हे भाऊंच्या प्रश्नाचं उत्तर झालं, त्या काळी फायबर जाडच टाकायचे. पण वरात ११ हजारांची बोट घेऊन वर ५० हजारांचं काम करणार नाहीये. त्याला मुळातच कमी काम असलेली बोट हवी.

आणि २०१८ च्या शर्यतीत टॉमींची डोलकाठी दक्षिण हिंदी महासागरात वादळात मोडली, पाठीला गंभीर दुखापत झाली. तो नव्या-जुन्याचा प्रश्न नव्हता, समुद्राचा होता. चेसापीकची सरासरी खोली २१ फूट आहे. तिथे तुझा शत्रू गाळ. म्हणून विचारतो, ही बोट सव्वापाच फूट खोल बसणारी आहे की कमी खोल कीलची?

वाऱ्यावरची_वरात

खोल कीलची. ५ फूट ३ इंच. क्लबच्या बोटी पण साधारण तेवढ्याच आहेत, चालून जाईल.

गोट्या_न्यूजर्सी

कागदांचं पण बघा राव. मागे ट्रान्समवर (बोटीच्या मागच्या सपाट भिंतीवर) उजव्या बाजूला बारा अक्षरांचा हल नंबर असतो, नोव्हेंबर १९७२ पासून अमेरिकेत सक्तीचा आहे. कॅटालिनाचा CTY ने सुरू होतो... सॉरी, मराठीत लिहायचं ना, सीटीवाय. तो टायटलवरच्या (मालकीच्या कागदावरच्या) नंबराशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. बोटीवर कर्ज बाकी आहे का ते बघा.

व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असाल तर कोस्ट गार्डचं डॉक्युमेंटेशन (केंद्र सरकारची नोंदणी) मिळत नाही, त्याला नागरिकत्व लागतं. राज्याचं टायटल आणि नोंदणी होते, काळजी नाही. मेरीलँडला ५ टक्के एक्साइज टॅक्स धरून चाला.

आणि विमा कंपनीला आधी फोन करा, सही नंतर. चाळीस वर्षांच्या बोटीचा पूर्ण विमा बऱ्याच कंपन्या देत नाहीत, देतात त्या ताजा सर्व्हे मागतात. मरिना निदान लायबिलिटी असल्याशिवाय जागा देत नाही. म्हणजे सर्व्हे तसाही टळत नाही.

वाऱ्यावरची_वरात

जाऊन आलो. लांबलचक लिहितो, वाचून सांगा.

इंजिन थंड होतं. दुसऱ्या झटक्याला चालू झालं, पांढरा धूर आला आणि गेला, पाणी व्यवस्थित. पॅनेलवर व्होल्टमीटर आहे, डिझेलभाऊ! डिपस्टिक काळी, दुधाळ नाही. मालक अगदी सज्जन, सगळं उघडून दाखवत होते, कॉफी पण दिली.

डेक: पुढचा भाग आणि कॉकपिट टक्-टक्. डाव्या बाजूला दोन खांबांच्या बुडाशी थप्प, प्रत्येकी साधारण ताटाएवढं. डाव्या चेनप्लेटखाली आत तपकिरी ओघळ, आणि तिथलं प्लायवुड बोटाने दाबलं तर बोट जातं. डोलकाठीच्या पायाभोवती आवाज कळेना, पण सहा फुटी पट्टी आडवी धरली तर मधे थोडा खळगा दिसतो.

संडासाचं दार छान लागलं. मी खूश झालो. मग अनुजाताईंचं आठवलं म्हणून दाराची वरची कड बघितली. सगळीकडे चाळीस वर्षांचं गडद सागवानी रंगाचं लाकूड आणि वरच्या कडेला मात्र फिकट, रंधा मारलेलं. कोणीतरी दार तासून घेतलंय. मालकांना विचारलं तर म्हणाले, "हो, घेतली तेव्हापासून तसंच आहे."

पाण्याच्या पातळीखाली तळाला भोकं आहेत, त्यातल्या दोन ठिकाणी बागेच्या नळाला असतात तसे गोल चाकाचे गेट व्हॉल्व्ह आहेत. एक फिरतच नाही.

यार्डातला माणूस काही बोलला नाही, फक्त हसला.

अनुजा_साउथहॅम्प्टन

दार तासलंय म्हणजे डेक खाली आला होता, आणि कोणीतरी खांबाऐवजी दारावर इलाज केला. आताच्या मालकांना कदाचित खरंच माहीत नसेल. खांबाच्या बुडाशी बिल्जमध्ये पेचकस टोचून बघितलात का?

वाऱ्यावरची_वरात

टोचला. बाजूचं फायबर कडक आहे, पण खांबाखालच्या ठोकळ्यात पेचकस अर्धा इंच सहज गेला आणि पाणी वर आलं.

खारावारा

आता हिशोब मांड. खांबाखालचा ठोकळा बदलायला डोलकाठी उतरवावी लागते, म्हणजे क्रेन आलीच. काठी खाली आहे तर तारा बदल, तारा बदलताय तर चेनप्लेट, त्याच्याखालचं कुजलेलं प्लायवुड, आणि डोलकाठीच्या पायाखालचं कोअर. यातलं एक काम केलं आणि बाकीची सोडली असं होत नाही, सगळी एकाच माळेत आहेत. गेट व्हॉल्व्ह तर घेतल्या घेतल्या बदलायचे. पितळेतलं जस्त निघून जातं, धातू गुलाबी पडतो आणि एक दिवस चाक हातात येतं, पाणी आत. सीकॉक पाहिजे, जो पाव वळणात बंद होतो. बोटींची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकन एबीवायसी या संस्थेच्या मानकाप्रमाणे त्याने बाजूने दिलेला ५०० पौंडांचा जोर ३० सेकंद सोसला पाहिजे.

इंजिन चांगलं आहे हे खरं. पण तुझ्या ११ हजारांत तू चांगलं इंजिन घेतोयस, आणि त्याच्याभोवती एक हिवाळाभराचं काम.

टवाळ_टिल्लू

बोटीची अट नीट दाराची होती. दार नीट आहे, बोट नाही. 😀

डिझेलभाऊ

टिल्लू आज फॉर्मात आहे. वरात, मी असतो तर पाच हजारांची ऑफर दिली असती, खर्चाचा कागद सोबत जोडून. रागावू नयेत म्हणून आधी फोन करून सांग. सज्जन माणूस आहे म्हणतोस, तर त्यांना निदान ठोकळ्याचं कळायला हवं. पुढचा घेणारा वादळात जाईल त्या काठीखाली.

वाऱ्यावरची_वरात

फोन केला. फोटो पाठवले. त्यांना खरंच माहीत नव्हतं, बराच वेळ गप्प होते. साडेआठपर्यंत उतरले, त्याखाली नाही. मी नको म्हणालो. ते म्हणाले आधी ठोकळ्याचं काम करून घेतो, मग विकतो. चांगलं वाटलं.

दरम्यान दुसरी एक पाहिली. १९८९ ची, तीच ३०, पण कमी खोल कीलची, ४ फूट ४ इंच. मागतायत १६,५००. चेनप्लेट आणि तारांच्या २०१९ च्या पावत्या आहेत, फाइलच दिली हातात. गाद्या फाटक्या, शिडं थकलेली, स्टोव्ह अल्कोहोलचा. डेक सगळा टक्-टक्, एका हॅचच्या कोपऱ्यात सोडून. दाराची कड सगळीकडे एकाच रंगाची. यार्डातल्याला नाव सांगितलं तर म्हणाला, "ते दर वर्षी स्वतः ग्रीस लावतात."

ऑफर १४ हजारांची दिली, सर्व्हे आणि सी ट्रायलच्या (पाण्यात चालवून बघण्याच्या) अटीवर, १० टक्के डिपॉझिट. त्यांनी घेतली. सर्व्हेअर कोणता घेऊ? ब्रोकरने एक नाव सुचवलंय.

गोट्या_न्यूजर्सी

ब्रोकरचं नाव सोडून द्या, सौदा झाला तरच त्याला पैसे मिळतात. सॅम्स किंवा नॅम्स या सर्व्हेअरांच्या संघटनांच्या सदस्यांच्या यादीतून शिडाच्या बोटी बघणारा निवडा, आणि त्याने आधी लिहिलेला एक रिपोर्ट नमुना म्हणून मागा. बऱ्याच जणांचे रिपोर्ट म्हणजे नुसती सामानाची यादी असते. सर्व्हेच्या दिवशी स्वतः हजर राहा, कागदावर येत नाही ते तो तोंडी बोलतो.

अनुजा_साउथहॅम्प्टन

त्याच्याबरोबर मास्टवर चढायची वेगळी सोय करा, बरेच सर्व्हेअर फक्त डेकवरून दिसतं तेवढंच बघतात. वरच्या टोकाचे फोटो कोणाकडून तरी काढून घ्या.

डिझेलभाऊ

ऑफरमध्ये लेखी घाल: सर्व्हेच्या दिवशी इंजिन थंड असताना, तुझ्यासमोर चालू करायचं.

वाऱ्यावरची_वरात

घातलंय भाऊ. शनिवारी सकाळी आठची क्रेन मिळालीय. डोलकाठी-तारा बघणारा रिगर साडेनऊला येतोय, बोट पट्ट्यांत असेपर्यंत वर चढणार नाही म्हणाला, म्हणून सी ट्रायल दुपारी.

हर्णैचा_बाळ्या

पाण्यातून निघाल्या निघाल्या तळाचे फोटो टाका इथे, वाळायच्या आधी. ओलं असतानाच खरं दिसतं.